‘नाही’च्या रकान्यातली रेघ

आधी दिसतो तो निळा रंग. काचेच्या लहानशा पात्रात भरलेले मोरचुदाचे पाणी, त्यावर खिडकीतून तिरपे आलेले सकाळचे ऊन, आणि त्या उन्हात उजळलेली अशी एक निळाई, की जिला आकाशाची म्हणावे तर ती अधिक घट्ट आहे आणि समुद्राची म्हणावे तर अधिक निर्मळ! मग बोटाच्या टोकातून काढलेला रक्ताचा एक थेंब वरून अलगद सोडला जातो. पृष्ठभागाला त्याचा स्पर्श होतो, आपला लाल गोलावा तो क्षणभर सावरतो, पडण्याच्या ओघाने थोडा खाली जातो आणि मध्येच थबकतो. त्या थबकण्याकडे मी गेली कित्येक वर्षे पाहत आले आहे. थेंब पुरेसा जड असेल, तर तो आपला संकोच आवरून तळाशी निघून जातो. हलका असेल, तर अधांतरी तरंगत राहतो, कधी पुन्हा वरही येतो. ज्याचा थेंब बुडाला त्याला रक्तदान करता येते. ज्याचा तरंगला त्याला चहा-बिस्किट देऊन परत पाठवतात. किती निःशब्द परीक्षा! आणि तिच्यात लबाडी करण्याची सोय कुणाला आहे?

माझा थेंब नेहमी तरंगलाच. अंबरनाथच्या आमच्या विहारात दर तीन महिन्यांनी रक्तदानाचे शिबिर भरते आणि दर वेळी मी बोट पुढे करी. दर वेळी तो निळ्या पाण्यात मधोमध असा लटकून राही, जणू प्रश्न त्याला विचारलाच गेलेला नाही. अखेर विहाराचे सचिव, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, ते एकदा म्हणाले, “मॅडम, तुमचं रक्त राहू द्या, अक्षर द्या.” महाविद्यालयात पंचवीस वर्षे कविता शिकवून वेळेआधीच निवृत्त झालेल्या बाईजवळ द्यायला दुसरे होते तरी काय? मी अर्ज भरण्याच्या मेजामागे बसले, ती नऊ वर्षे तिथेच बसले आहे.

रक्तदात्याचा अर्ज तुम्ही भरला असेल. वाचला आहे का, हे मात्र मी विचारणार नाही, कारण मीही तो वाचला नव्हता. वरच्या अर्ध्या भागात नाव, वय, वजन, रक्तगट. खालच्या अर्ध्यात बारीक टायपातले, मुंग्यांच्या रांगेसारखे प्रश्न, आणि उजवीकडे दोन अरुंद रकाने, ‘होय’ आणि ‘नाही’. पहिल्याच शिबिरात तात्यांनी मला कामाची रीत शिकवली होती. “सगळी आपलीच माणसं आहेत, मॅडम. वरचं लिहायचं, आणि खाली ‘नाही’च्या रकान्यात सूंऽऽ करून एक रेघ मारायची. माणसामागे एक मिनिट!” मी ती रेघ मारू लागले. पुढे पुढे तिचा मला अभिमानही वाटू लागला. पट्टीशिवाय ओढलेली, वरपासून खालपर्यंत कुठेही न थरथरलेली, इतक्या प्रश्नांना एका श्वासात निरुत्तर करणारी ती रेघ! कवितेतल्या एका विरामाजवळ वर्गाला तास-तासभर थांबवून ठेवणारी मी, इथे एका ओळीलाही थांबले नाही. माणूस आपल्या व्यासंगाचे नियम दुसऱ्या मेजावर बसताच किती सहज विसरतो!

रुपेश त्या रेघेखाली चार वर्षे सही करत आला. बदलापूरच्या बाजूच्या एका गावातल्या आगरी घरातला हा मुलगा; मुलगा म्हणायचे ते माझ्या वयामुळे, एरवी पस्तिशीला पोचलेला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर. हाताच्या रेषांत काळपट तेल कायमचे मुरलेले, आणि बोलण्यात खाडीकडची उघडी हवा. विहारात तो प्रथम आला तो कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर, केवळ गंमत म्हणून. त्याच दिवशी उल्हासनगरहून एक सिंधी बाई आपल्या सात वर्षांच्या लेकीचा हात धरून आली होती. तिला बी निगेटिव्ह रक्त हवे होते. तात्यांनी ध्वनिक्षेपकावरून पुकारले, आणि मंडपाच्या मागच्या बाजूने वडापाव धरलेला एक हात वर झाला. तो रुपेश!

त्या बाईचे नाव पूनम, आणि मुलीचे कशिश. मुलीला थॅलेसेमिया आहे. तिचे शरीर स्वतःचे रक्त नीट घडवू शकत नाही, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणाचे तरी रक्त तिच्यात उतरावे लागते, आणि हे आयुष्यभर. उल्हासनगरच्या सिंधी वस्त्यांत असे घर फार शोधावे लागत नाही. आणि त्यातही ज्यांचा गट दुर्मीळ, त्यांच्या आईच्या फोनमध्ये नातेवाइकांच्याही आधी रक्तदात्यांची नावे असतात. पूनमच्या फोनमध्ये पाच होती. त्यांतले सर्वांत वरचे नाव रुपेशचे. एकदा दिल्यानंतर पुरुषाला तीन महिने थांबावे लागते, म्हणून ते पाच जण पाळ्या लावल्यासारखे येत. कशिश त्या सगळ्यांना मामा म्हणते, पण रुपेशमामाचे रक्त तिला ओळखू येते असा तिचा दावा आहे. “ह्याची बाटली चढली ना, की मला सुकट खावीशी वाटते,” असे ती म्हणते, आणि घरात मांस-मच्छी न शिजवणारी तिची आजी कपाळाला हात लावते. रक्त पिशवीत येऊ लागल्याला किती काळ लोटला. आपण मात्र अजून बाटलीच म्हणतो.

आता या एप्रिलची गोष्ट. जयंतीनिमित्त भरलेले शिबिर. विहाराबाहेर निळ्या पताकांची कमान, आत निळ्या चादरींचे पलंग, मेजावर मोरचुदाचे निळे पात्र. सगळे विश्वच त्या सकाळी एका रंगात बुडवून वाळत घातल्यासारखे दिसत होते. रांग लांब होती. रुपेशचा क्रमांक आला. मी नाव लिहिले, वजन विचारले, आणि नित्याच्या सवयीने पेन ‘नाही’च्या रकान्याच्या माथ्यावर टेकवले. त्याने कागदावर बोट ठेवले. “मॅडम, या वेळी रेघ नको. वाचा.”

“काय वाचू?” मी गोंधळून विचारले. “सगळे प्रश्न. मी उत्तरं देतो.” मागे उभा असलेला त्याचा कारखान्यातला सोबती खिदळला, “काय रे रुप्या, परीक्षेला बसलायस काय?” “हां,” तो मान न वळवता म्हणाला, “आज कॉपी नाय करायची.”

मी वाचू लागले. ताप, कावीळ, दात काढला होता काय, गोंदवून घेतले होते काय. तो ‘नाही’ म्हणत गेला, मी प्रत्येक चौकटीत एक-एक खूण करत गेले. मग तो प्रश्न आला. पुरुषाचे पुरुषाशी शरीरसंबंध आले आहेत काय, एवढाच. बारीक टायपातली एक ओळ, आधीच्या आणि नंतरच्या ओळींइतकीच लांब. पण माझा आवाज त्या ओळीवर खाली गेला, जसा लहान मुलांसमोर मोठ्यांचा जातो. रुपेश म्हणाला, “होय लिहा.” माझे पेन हलेना. मी कुजबुजले, “मी काय विचारलं ते कळलं ना तुला?” तो हसला. त्या हसण्यात उपहास नव्हता, थोडी दमणूक होती. “कळलं, मॅडम. मला चार वर्षं कळतंय. तुम्ही विचारलंच नव्हतं.”

मग त्याने, जणू हवामानाविषयी बोलावे तसे, सांगितले की गेल्या महिन्यात त्याने आईला सांगितले, गावातही कळले. बदलापुरातल्या मांजर्लीच्या खोलीत आठ वर्षे सोबत राहणाऱ्या दिनेशला आता सगळे दिनेश म्हणूनच ओळखतात, भाडेकरू म्हणून नव्हे. “आता सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त ह्या कागदालाच ठाऊक नाय.” मी ‘होय’च्या रकान्यात खूण केली. नऊ वर्षांतली ती तिथली पहिली खूण होती. आणि खरे सांगते, मला वाटले होते की डॉक्टर आणखी चार प्रश्न विचारतील, इतकेच होईल.

थेंबाची परीक्षा डॉक्टरांच्या आधी असते. रुपेशचा थेंब निळ्या पाण्यात पडला आणि क्षणाचाही विचार न करता सरळ तळाशी गेला. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, “वा! असा थेंब पाहिजे.” तात्यांनी, त्यांच्या पद्धतीप्रमाणे, दाता पडद्याआड जाण्याआधीच ध्वनिक्षेपकावरून पुकारून टाकले, “आपले जुने मित्र रुपेश यांचे हे चौदावे रक्तदान! जोरदार टाळ्या!” टाळ्या वाजल्या. आणि त्या टाळ्या विरल्या न विरल्या तोच तो पडद्याबाहेर आला. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा नव्हता. “झालं एवढ्यात?” सोबत्याने विचारले. “सुईच भ्यायली मला बघून,” रुपेश म्हणाला. तात्यांनी दात्यांना द्यायची छत्री त्याच्या हातात कोंबली. त्याने ती दोन्ही हातांनी, एखादी नाजूक वस्तू ठेवावी तशी, ढिगाऱ्यावर परत ठेवली, आणि नळावर जाऊन टोचलेले बोट धुतले.

पडद्याआड काय झाले ते मला डॉक्टरीणबाईंनीच नंतर सांगितले. तरुण, नम्र, थकलेली मुलगी. “मॅडम, त्यांच्याविषयी काहीच नाही. आपल्याकडच्या नियमांत हा गट कायमचा वगळलेला आहे. मी घेऊच शकत नाही.” कायमचा? माझ्या कानांना तो शब्द फार मोठा वाटला. ताप आलेल्याने दोन आठवडे थांबायचे, गोंदवून घेतलेल्याने काही महिने, आणि प्रेमाचा पत्ता वेगळा असलेल्याने मात्र कायमचे? “पण तुम्ही प्रत्येक बाटली तपासता ना?” मी विचारले. “तपासतो. पण संसर्ग नवा असेल, तर काही दिवस तपासणीला तो दिसतच नाही. आणि ज्या मुलीला आयुष्यभर रक्त घ्यायचंय, तिच्या बाबतीत एकही चूक परवडत नाही. नियम करणाऱ्यांनी आकडे पाहिले असतील, ज्या गटात धोका जास्त दिसला तो गट वगळला.” मग ती म्हणाली, “मला विचाराल, तर मी गट विचारणार नाही, वागणूक विचारेन. सगळ्यांना, एकसारखी. काही देशांत आता तसंच करतात. पण मला कोण विचारतंय?”

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्याजवळ येऊन बसला आहे, आणि मी त्याच्याकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहते आहे. संशय आणि सावधगिरी यांच्यामधली सीमा कुठे असते? दुसऱ्याच्या धमन्यांतून वाहणारे रक्त आपल्या लेकराच्या अंगात घेणाऱ्या आईला सावध राहण्याचा जेवढा अधिकार आहे, तेवढा जगात आणखी कुणाला असेल? हे मी मानते. पण सावधगिरीने पाहावे कुठे? आठ वर्षे एका माणसाशी एकनिष्ठ राहिलेल्या रुपेशला ती दारातच अडवते, आणि बायकोच्या नकळत कुठेकुठे जाऊन आलेला एखादा गृहस्थ, त्याला तीच सावधगिरी माझ्या रेघेखालून आत जाऊ देते. हा प्रश्न न्यायालयाच्या दारी गेला आहे असे मी वाचते. तिथे विद्वान लोक समतेविषयी आणि आरोग्याविषयी बोलत असतील. माझ्या कानात मात्र एकच वाक्य राहिले आहे: तुम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून त्या सकाळी पुढचा अर्ज घेतला तेव्हा मी विचारायला सुरुवात केली. एक-एक ओळ, स्पष्ट, कुठेही आवाज न उतरवता. रांगेत चुळबुळ सुरू झाली. तात्या धावत आले, “मॅडम, हे रक्तदान आहे की बोर्डाची परीक्षा? शंभर बाटल्यांचं बोललोय मी रक्तपेढीला!” मी म्हटले, “तात्या, प्रश्न छापलेत ते वाचायलाच ना?” ते पुटपुटत गेले. आणि मग जे घडले ते मला अजून नवल वाटायला लावते. एका कॉलेजच्या मुलाने कान पकडून सांगितले की गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली होती. एका बाईंनी सांगितले की परवापासून त्या तापाच्या गोळ्या घेत आहेत. तिसरे एक नीटनेटके गृहस्थ. सोबत पत्नी, पत्नीच्या हातात छायाचित्रासाठी सज्ज असलेला फोन. एकाहून अधिक व्यक्तींशी संबंध आले आहेत काय, या ओळीवर मी पोचले तेव्हा ते कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, “मॅडम, तुम्ही मारा ना रेघ, नेहमीसारखी.” मी पेन उचलून त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी घड्याळ पाहिले. मग त्यांना आठवले की गाडी चुकीच्या जागी लावली आहे. ते गेले ते गेलेच. मी त्यांच्याविषयी काही ठरवत नाही. कदाचित गाडी खरोखरच चुकीच्या जागी लावलेली असेल. पण दर तीन महिन्यांनी मी त्यांचीही रेघ मारत आले होते, हे मला विसरता येत नाही. ती बाटली कुणाला चढली असेल? कशिशसारख्याच कुणाला?

चार दिवसांनी मी रुपेशबरोबर उल्हासनगरला गेले. वाटेत वालधुनी ओलांडावी लागते. शिवमंदिराच्या काळ्या दगडांना वळसा घालून निघालेली ही नदी पुढे कपडे रंगवणाऱ्या वस्तीतून जाते, आणि त्या दिवशी तिचे पाणी निळे होते. मोरचुदाचे नव्हे, जीन्सच्या रंगाचे. पुलावर रुपेश थांबला, म्हणाला, “हिच्यात माझा थेंब टाकला तर बुडंल का?” मी हसले नाही, तोही नाही.

पूनमच्या नवऱ्याचे चेन-बटणांचे दुकान आहे. काचेच्या बरण्यांत हजारो बटणे, आणि त्यांच्यामागे ती उभी. रुपेशने सगळे सांगितले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला वाटत होते की आता किळस येईल किंवा भीती येईल. आला तो संताप. “रुपेश, तेरे को सच बोलनेका अभीच सुचा?” ती ओरडली. “चार साल चूप बसलास ना? और चार साल बसायचं होतं! बी निगेटिव्ह मी कुठून आणू, बटणात मिळतं का?” तिने बटणांचे एक खोके खाडकन मिटले. रुपेश म्हणाला, “भाभी, ती मोठी होईल. मामा खोटं सांगून रक्त द्यायचा, असं तिला कळलं तर?” “कळलं तर कळलं! जिंदा तो रहेगी!” तेवढ्यात गिऱ्हाईक आले, काळ्या चेन घेऊन गेले.

शेवटी मीच विचारले, कारण कुतूहल हा माझा जुना दुर्गुण आहे. तिला म्हटले, हा नियम तुझ्या हाती असता, तर तू काय लिहिले असतेस? ती बराच वेळ काचेवर बोटाने रेघोट्या ओढत राहिली. “दीदी, मी तर हर बाटलीला घाबरते. बाटली लटकवली की मी हात जोडून बसते, थेंब मोजते. फक्त ह्याची बाटली असली की मी चाय प्यायला जाते. माहीत आहे का? हा फोन करतो. भाभी, दाढ काढली, या वेळी माझं नको. भाभी, ताप होता, दुसऱ्याला बोलव. इतना सच कौन बोलता है? और उसी को बाहर निकाला.” मग रुपेशकडे न पाहता, “चाय पिणार का? की ते पण मना आहे?” तो म्हणाला, “साखर कमी.” भांडण संपल्याचे ते दोघांचे ठरलेले चिन्ह असावे.

पण चहाने नाव भरून निघत नाही. पाचांचे चार झाले होते. जूनमध्ये एक दाता आजारी पडला, दुसरा गावी गेलेला, आणि कशिशची बाटली पाच दिवस उशिरा मिळाली. त्या पाच दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी मी तिला पाहिले. पलंगावर भिंतीला टेकून बसलेली; ओठ आणि गाल यांच्या रंगांत फरकच उरलेला नाही, नखे मेणासारखी, आणि जिना चढून आल्यासारखा श्वास, जरी ती सकाळपासून उठलीही नव्हती. मला म्हणाली, “मॅडम, सुकटपण खावीशी नाही वाटत.” त्याच संध्याकाळी मी मांजर्लीला गेले. दिनेश वायरमन आहे. तो स्टुलावर उभा राहून भिंतीतले बटण वर सरकवत होता. भिंतीवर दोन आडव्या तपकिरी रेघा होत्या, एक गुडघ्याएवढी आणि एक खांद्याएवढी. “दोन पुरांच्या,” दिनेश म्हणाला, “पाणी कुठपर्यंत आलं ते पाण्याने स्वतःच लिहून ठेवलंय.” रुपेश जमिनीवर बसून फोनमागून फोन करत होता, कारखाने, कॉलेजे, वांगणीच्या रोपवाटिका. बी निगेटिव्ह आहे का कुणी? एका फोनवर त्याचा रक्तगट विचारला गेला असावा. तो म्हणाला, “माझाही तोच आहे, पण माझं चालत नाय.” दोन स्थानकांपलीकडे एक मुलगी पांढरी पडत होती, आणि तिला हवे असलेले रक्त त्या माणसाच्या कानशिलाशी, मला दिसेल असे, उडत होते.

वांगणीच्या रोपवाटिकेतली एक मुलगी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा सुई टोचून घेणारी. तिच्या रक्ताने कशिश उठून बसली. आता पूनमच्या फोनमध्ये पुन्हा पाच दाते आहेत. रुपेशचे नावही तिने काढले नाही. ते सर्वांत वर आहे, कारण बाकीच्यांना शोधणारा आणि आठवण करणारा आता तोच आहे.

आणि मी? मी घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि ठरवले की एकदा तरी माझा थेंब बुडवायचा. माझा गट ओ पॉझिटिव्ह. कशिशला त्याचा उपयोग नाही, रुपेशची जागा माझ्याने भरत नाही, हे मला माहीत होते. तरीही! पावसाळाभर मी लोहाच्या गोळ्या घेतल्या, खजूर, नाचणी, आळिवाची खीर, पालेभाज्यांचे सारे गोत्र. धाकटी बहीण म्हणाली, “या वयात कुस्तीला उतरायचं आहे का?” मी म्हटले, बुडायला उतरायचे आहे.

परवा, पाऊस ओसरल्यावरच्या शिबिरात, माझ्या मेजामागे मी नव्हते. तिथे रुपेश बसला होता. तात्यांनी जुलैपासूनच ती व्यवस्था केली होती, अर्थात कुरकुरत: “ज्याचं रक्त घेत नाहीत तोच जगाला प्रश्न विचारतो! काय जमाना आलाय!” असे म्हणून त्यांनी पंखा मात्र त्याच्याच दिशेने वळवून ठेवला होता. रांगेतून माझा क्रमांक आला. “बसा, मॅडम,” तो म्हणाला, “रेघ नाय, वाचणार.” “वाच,” मी म्हटले. त्याने सारे वाचले. मला, एका साठीला टेकलेल्या बाईला, त्याने गोंदवले आहे का विचारले, कारावास झाला आहे का विचारले, आणि एकेका उत्तरापूर्वी मी खरोखरच स्वतःला चाचपून पाहिले. स्वतःला इतके प्रश्न मी शेवटचे कधी विचारले होते? जो प्रश्न त्याला दारातून परत पाठवतो तो मला लागू नव्हता. तो त्याने वाचला आणि पुढे गेला, आवाज न उतरवता, न चढवता, आधीच्या आणि नंतरच्या ओळींइतकाच.

मग पुन्हा तो निळा रंग. खिडकीतले तेच तिरपे ऊन. पूनम कशिशला घेऊन आली होती. ती मेजाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहिली. थेंब पडला, खाली गेला, आणि थबकला. नऊ वर्षांची ओळख होती त्याची माझी. मला वाटले, हा आता वळेल. तो तसाच राहिला, किंचित कलला, जणू काही आठवत असावा, आणि अगदी संथपणे उतरू लागला. “डूबला! डूबला!” कशिश ओरडली. पात्राच्या तळाशी सकाळपासूनचे इतर थेंब होते, काळसर, निजलेले. ठरावीक थेंब झाले की ते पाणी ओतून देतात आणि नवे भरतात. एप्रिलमधला तो सरळ बुडालेला थेंबही असाच ओतून दिला गेला असणार; त्याला खाली जाताना कुणी अडवले नव्हते.

मी पलंगावर आडवी झाले. डॉक्टरीणबाईंनी शीर शोधली. पडद्यापलीकडून रुपेशचा आवाज येत होता, नव्या माणसाला ओळीमागून ओळ विचारणारा. त्या ओळीवर तो पोचला. त्याने ती वाचली. उत्तर येण्याआधी थोडा वेळ गेला. आणि तो थांबला, मागे रांग असूनही, हवा तेवढा थांबला.